ॲक्सेसरी डिझाइनच्या संग्रहाची कॉपीराइट नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि पन्नास नगांची अट

दिवाळीच्या हंगामासाठी काढलेला बारा वस्तूंचा एक संग्रह आपल्यासमोर आहे असे धरू. त्यात चार नथी, तीन ठुशीच्या घाटाची गळ्यातली, दोन क्लच (हातात धरायच्या छोट्या पर्स), दोन पट्टे आणि एक छापील स्कार्फ आहे. ज्याने तो काढला त्याच्या दृष्टीने संग्रह एकच असतो. त्याला एक नाव असते, एक रंगसंगती असते आणि बाराही वस्तूंत एकच कल्पना फिरत असते. कॉपीराइट कार्यालयाच्या लेखी मात्र ‘डिझाइन संग्रह’ असा कलाकृतीचा प्रकार नाही. कॉपीराइट नियम, २०१३ प्रमाणे एका अर्जात एकच कृती नोंदवता येते, म्हणजे बारा रेखाचित्रांसाठी बारा अर्ज आणि बारा वेळा शुल्क. खर्चाचा हा हिशेब मांडण्याच्या आधी आणखी एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते, आणि माझ्या मते साऱ्या प्रक्रियेत तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे: यातल्या प्रत्येक वस्तूचे किती नग निघणार आहेत?

पन्नास नगांची अट

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या आहेत. जे डिझाइन डिझाइन्स कायदा, २००० (वस्तूच्या रूपाला वेगळे संरक्षण देणारा कायदा) खाली नोंदवले गेले आहे, त्यात कॉपीराइट उरत नाही. आणि जे डिझाइन त्या कायद्याखाली नोंदवता आले असते पण नोंदवले गेले नाही, त्यातला कॉपीराइट, ते डिझाइन वापरलेल्या वस्तूचे औद्योगिक प्रक्रियेने पन्नासांहून अधिक नग निघताच संपतो. हे नग कॉपीराइटच्या मालकाने स्वतः काढलेले असोत किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने काढलेले असोत, मोजणी एकच. त्यामुळे वीस नग आपल्या कारखान्यात आणि पस्तीस नग बाहेरच्या कारागिराकडून करून घेतले, तर मर्यादा ओलांडली गेली. परवानगीशिवाय कोणी नक्कल काढली तर ते नग या मोजणीत येत नाहीत.

‘आमचे सगळे हातकाम आहे, तेव्हा ही अट आम्हाला लागू नाही’ असा समज कारागीर वर्गात बराच पसरलेला आहे. त्यावर विसंबू नये, कारण डिझाइन्स कायद्यातील डिझाइनच्या व्याख्येत औद्योगिक प्रक्रिया हाताने, यंत्राने किंवा रासायनिक पद्धतीने होणारी असू शकते असे स्पष्ट म्हटले आहे. हुपरीत चांदीचे पैंजण ओतणाऱ्याचा साचा हाताने भरला जातो, म्हणून शंभर जोड ‘कलाकृती’ ठरत नाहीत.

फॅशनच्या क्षेत्रात या कलमाचा फटका प्रत्यक्ष बसलेला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रितिका प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध बिबा अपॅरल्स या खटल्यात, कपड्यांच्या डिझाइनची नोंदणी नव्हती आणि पन्नासांहून अधिक नग निघाले होते, म्हणून कॉपीराइटचा दावा टिकू दिला नाही. कलाकृती आणि डिझाइन यांच्यातली सीमारेषा कशी ओळखायची याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स इंडिया या निकालात घालून दिली. ती कृती निव्वळ कलाकृती आहे, की मूळ कलाकृतीवरून काढून औद्योगिक प्रक्रियेत वापरलेले डिझाइन आहे, हे आधी पाहायचे. आणि कॉपीराइटचे संरक्षण मिळत नसेल, तर त्या वस्तूतला प्रधान भाग उपयुक्ततेचा आहे की सौंदर्याचा, हे तपासून डिझाइनचे संरक्षण मिळते का ते ठरवायचे.

तेव्हा बारा वस्तूंची विभागणी आधी करावी. लग्नासाठी एखाद-दुसराच नग घडवायची जी नथ आहे, तिच्या रेखाचित्राची कॉपीराइट नोंदणी योग्य आहे. कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. जो क्लच दुकानांतून शेकड्यांनी विकायचा आहे, त्याच्यासाठी डिझाइन नोंदणी घ्यावी. ती दहा वर्षांची असते आणि पुढे पाच वर्षांनी वाढवता येते. तिचा अर्ज नमुना १ मध्ये करायचा असतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना त्याचे शुल्क १,००० रुपये आहे, इतरांना ४,००० रुपये. वर्गवारी लोकार्नो या आंतरराष्ट्रीय पद्धतीची आहे: दागिने वर्ग ११ मध्ये, पिशव्या आणि पाकिटे वर्ग ३ मध्ये, पादत्राणे आणि स्कार्फ वर्ग २ मध्ये येतात. एकत्र विकल्या जाणाऱ्या, एकाच घडणीच्या आणि तेच डिझाइन असलेल्या वस्तू ‘संच’ म्हणून एका अर्जात घेता येतात; गळ्यातले आणि त्याच नक्षीची कानातली हे त्याचे सरळ उदाहरण.

इथे क्रम चुकला तर नुकसान भरून येत नाही. डिझाइन नोंदणीसाठी ते डिझाइन आधी लोकांसमोर आलेले नसावे लागते. इन्स्टाग्रामवर एक छायाचित्र टाकले, प्रदर्शनात मांडले किंवा कॅटलॉग वाटला, की नावीन्य गेले. कॉपीराइटच्या बाबतीत आधी प्रसिद्ध झाल्याने हक्क बुडत नाही. म्हणून मोठ्या संख्येने काढायच्या वस्तूंचे डिझाइन अर्ज आधी, प्रसिद्धी त्यानंतर, हा क्रम पाळावा.

नोंदणीस पात्र काय आणि अर्जदार कोण

कायद्याच्या कलम २ मध्ये कलाकृतीच्या व्याख्येत रेखाचित्र, चित्र, शिल्प, छायाचित्र आणि कलात्मक कारागिरीची कृती येते, आणि चित्रात कलागुण आहेत की नाहीत याने फरक पडत नाही. अट एवढीच की ती कृती स्वतःची असावी आणि कोणत्या तरी रूपात उतरलेली असावी. कल्पनेला संरक्षण नाही. ‘बकुळीच्या फुलांची नथ’ ही कल्पना कोणालाही वापरता येईल. ती नथ ज्या रेषांत उतरवली त्या रेषा तुमच्या.

एक पान जवळून पाहू. कागदावर पेन्सिलीने नथ काढली आहे: मोत्यांची ओळ, मधे लाल खडा, तारेचा वळसा कुठून सुरू होतो याची बाणाने खूण, वळशाच्या टोकाला तारेतच गुंफलेले बकुळीचे फूल, उजव्या कोपऱ्यात तारीख आणि सही. यातले मोती, लाल खडा आणि नथीचा आकडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यावर कोणाचा दावा नाही. चित्रकाराचे स्वतःचे जे आहे ते त्या फुलाची गुंफण आणि एकूण मांडणी. नोंदणी मिळाल्यावरही तेवढ्याच भागाचे रक्षण होते. ही मर्यादा ओळखून अर्ज केला तर पुढे निराशा होत नाही. फिरकीसारखा केवळ कामाचा भागही यातून वगळला जातो, कारण उपयोगाच्या वस्तूचा निव्वळ कार्यात्मक भाग चित्रावरून बनवणे हे कलम ५२ प्रमाणे उल्लंघन ठरत नाही.

परंपरागत घाटाबाबत इथे कोल्हापुरी चपलेचा उल्लेख करणे भाग आहे. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात महाराष्ट्रातले चार व कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा ‘आपल्या कारागिरांनी कॉपीराइट का घेतला नाही’ असे पुष्कळांनी विचारले. कॉपीराइट एका निर्मात्याच्या नव्या कृतीला मिळतो. शतकानुशतके सगळ्या समाजाने घडवलेल्या घाटाला तो मिळू शकत नाही. त्या घाटासाठी मानांकन हीच वाट आहे. मात्र एखाद्या कारागिराने त्या चपलेवर स्वतः नवी नक्षी रचली, तर ती नक्षी त्याच्या नावाने नोंदवता येते, आणि ती त्याने अवश्य नोंदवावी.

अर्ज निर्माता किंवा हक्काचा मालक करू शकतो. पगारी डिझायनरने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. बाहेरून काम करून देणाऱ्या डिझायनरकडून चित्रे घेतली असतील, तर केवळ बिल चुकते केल्याने हक्क आपल्याकडे आला असे गृहीत धरू नये. त्यासाठी लेखी, सहीचे हस्तांतरणपत्र हवे आणि त्यात कृतीचे वर्णन, मुदत आणि प्रदेश लिहिलेला हवा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो.

संपूर्ण कॅटलॉग एकच कृती म्हणून नोंदवावा का, हेही ठरवावे लागते. निवड, मांडणी आणि मजकूर यांत स्वतःचे कौशल्य असेल तर कॅटलॉग संकलन म्हणून साहित्यकृतीत नोंदवता येतो. त्याने मांडणीचे आणि मजकुराचे रक्षण होते. आतल्या एकेका नथीचा हक्क त्यातून सिद्ध होईल असे धरून चालणे धोक्याचे आहे. माझा सल्ला असा की महत्त्वाच्या चार-पाच चित्रांचे स्वतंत्र अर्ज करावेत आणि परवडत असेल तरच कॅटलॉगचा वेगळा अर्ज जोडावा.

कागदपत्रे आणि शुल्क

अर्ज नमुना १४ मध्ये असतो. त्यासोबत तपशिलाचे विवरणपत्र आणि अधिक तपशिलाचे विवरणपत्र भरावे लागते. प्रकाशनाच्या रकान्यात पहिल्या प्रकाशनाचे वर्ष आणि देश विचारला जातो. लोकांपर्यंत कृती पोहोचवणे हेही प्रकाशनच असल्याने, समाजमाध्यमावर टाकलेले चित्र ‘अप्रकाशित’ म्हणून दाखवू नये.

कलाकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे. पण ती वस्तू किंवा सेवांच्या संदर्भात वापरली जात असेल किंवा वापरता येण्याजोगी असेल, तर २,००० रुपये. ॲक्सेसरीची चित्रे, लेबल आणि टॅगवरचे चिन्ह बहुधा दुसऱ्या गटातच पडतात. अशा कृतीसाठी तसे विधान आणि ट्रेडमार्क निबंधकांचे शोध प्रमाणपत्रही जोडावे लागते. ते टीएम-सी नमुन्यावर वेगळे शुल्क भरून मिळते, म्हणून ते आधी मागवून ठेवावे.

याखेरीज कृतीच्या प्रती, अर्जदाराचे ओळखपत्र, अर्जदार निर्माता नसेल तर निर्मात्याचे मूळ ना-हरकत पत्र, प्रकाशक वेगळा असेल तर त्याचे ना-हरकत पत्र, चित्रात एखाद्या मॉडेलचे छायाचित्र असेल तर तिची संमती आणि वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र लागते.

सर्वांत जपून करायचा कागद म्हणजे शपथपत्र. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोग्या कलाकृतीच्या अर्जासोबत ते नियमानेच लागते आणि त्यात दोन विधाने असतात: ही कृती डिझाइन्स कायद्याखाली नोंदवलेली नाही, आणि ती औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर वापरून पन्नासांहून अधिक नग काढलेले नाहीत. दुसऱ्या विधानावर सही करण्यापूर्वी कारखान्याची आणि बाहेरच्या कारागिरांची नगवही स्वतः मोजून पाहावी. चुकीच्या विधानावर मिळालेली नोंद दुरुस्त करण्यासाठी प्रतिपक्षाला उच्च न्यायालयात जाता येते, आणि नोंदवहीत जाणूनबुजून खोटी नोंद करणे हा कलम ६७ प्रमाणे गुन्हा आहे.

अर्ज दाखल केल्यानंतर

अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर दाखल होतो आणि लगेच डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा संदर्भ क्रमांक, मिळतो. त्या कृतीत ज्यांचा हितसंबंध आहे किंवा ज्यांचा अर्जदाराच्या हक्काशी वाद आहे, त्यांना अर्जदाराने सूचना द्यायची असते. मग हरकतींसाठी तीस दिवस थांबावे लागते. हरकत आली तर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जाते. न आल्यास छाननी होते, आणि उणीव आढळल्यास त्रुटीपत्र येते. त्याला दिलेल्या मुदतीत उत्तर न गेल्यास अर्ज निकाली काढला जाऊ शकतो, म्हणून अर्जात दिलेला ईमेल रोज उघडला जाणारा असावा. सारे समाधानकारक असल्यास नोंद होऊन प्रमाणपत्र मिळते.

नोंदणी सक्तीची नाही. कॉपीराइट कृती निर्माण होताच मिळतो. तरी नोंदवहीतील तपशील कलम ४८ प्रमाणे न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, आणि नक्कल करणाऱ्याविरुद्ध मनाई हुकूम मागताना त्याचा मोठा आधार होतो. मूळ कच्ची चित्रे, तारखांसह, याच कारणासाठी जपून ठेवावीत. प्रमाणपत्र आल्यावर नगवही बंद करू नये: डिझाइन नोंदणी न घेता त्या नथीचा एकावन्नावा नग औद्योगिक पद्धतीने निघाला, तर हाती प्रमाणपत्र असूनही त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपलेला असतो.