महामार्ग रुंदीकरणात जमीन जातेय? हरकत, मोबदला आणि कागदपत्रे: सोलापूरकरांसाठी माहिती

बांधावर खुणेचे दगड रोवले, चिंचेच्या बुंध्यावर लाल रंगात आकडा पडला, की गावात पहिला प्रश्न निघतो, "गुंठ्याला किती देणार?" प्रश्न रास्त आहे. पण पैशाच्या आधी हरकतीची मुदत येते. ती फक्त 21 दिवसांची असते आणि बहुतेकांची तिथेच चुकते.

पुणे–हैदराबाद (65), धुळे–सोलापूर–विजयपूर (52) किंवा पंढरपूरचे पालखी मार्ग, राष्ट्रीय महामार्ग कोणताही असो, जमीन घेतली जाते ती राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 खाली. कलम 3अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना राजपत्रात येते आणि तिचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापतात, त्यातले एक स्थानिक भाषेतले असते. 21 दिवस राजपत्राच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे धोका राहत नाही.

जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे, त्याला हरकत देता येते. त्यासाठी सातबारा एकट्याच्या नावावर असावा लागत नाही. सहहिस्सेदार आणि कुळानेही अर्ज द्यावा. अर्ज लेखी, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अधिसूचनेत नाव असलेल्या प्रांत किंवा भूसंपादन अधिकाऱ्याकडे द्यायचा. सुनावणीला स्वतः जाता येते, वकीलही देता येतो. "आमचा विरोध आहे" एवढेच लिहिले तर हाती काही लागत नाही. गट नंबर, क्षेत्र, आखणीमुळे नेमके काय तुटते आणि पर्याय काय, हे लिहा. ओढ्यावरची मोरी अरुंद झाली तर पावसाचे पाणी कुणाच्या रानात तुंबेल? जनावरे आणि उसाच्या गाड्या पलीकडे कुठून जातील? भुयारी मार्ग हवा असेल तर जागा नकाशावर दाखवा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा.

ठरावावर माझा भर आहे, कारण प्रत्येक रुंदीकरणाला पर्यावरणीय जनसुनावणी होत नाही. 2013 च्या दुरुस्तीनंतर काम 100 किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि जुन्या मार्गावर 40 मीटरपेक्षा, वळणमार्गावर 60 मीटरपेक्षा जादा जागा लागत असेल, तरच राष्ट्रीय महामार्गाच्या विस्ताराला पर्यावरणीय पूर्वपरवानगी लागते. ती लागली तर प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान 30 दिवस आधी नोटीस देऊन सुनावणी घेते. शहर हद्दीतल्या झाडांसाठी महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण हरकती मागवते. पन्नाशी ओलांडलेले झाड कायद्याने वारसा वृक्ष आहे. अर्जात तसे ठळक लिहा.

आता संयुक्त मोजणी, म्हणजे सरकारी अधिकारी शेतात येऊन जाणारी जमीन आणि तिच्यावरचे सगळे मोजतात ती. त्या दिवशी शेतातच थांबा. आमच्या चुलत्यांची विहीर सातबाऱ्यावर नव्हती आणि मोजणीच्या वेळी ते लग्नाला गेले होते. पंचनाम्यात विहीर आली नाही. चाळीस वर्षे पाणी दिलेली विहीर कागदावर नव्हतीच, आणि ती सिद्ध करायला पुढे दोन वर्षे गेली. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, प्रत्येक फळझाड पंचनाम्यात लिहून घ्या, तारखेचे फोटो काढा, प्रत मागा.

मोबदल्यासाठी ताजा सातबारा, आठ-अ, फेरफार, गट नकाशा, आधार, पॅन, बँक पासबुक, वारस नोंद, सहहिस्सेदारांचे संमतीपत्र आणि इतर हक्कात बोजा असेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा दाखला तयार ठेवा. वारस नोंद राहिली असेल तर आजच तलाठ्याकडे जा. भावाभावांत वाटणीचा वाद असला तर रक्कम अडकते आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते.

कलम 3ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे वर्ग होते. ही घोषणा पहिल्या अधिसूचनेपासून एका वर्षात व्हावी लागते, नाहीतर ती अधिसूचना रद्द ठरते. ठरलेल्या मोबदल्यावर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते, शिवाय बाजारभावावर वर्षाला 12 टक्के दराने वाढीव रक्कम. निवाडा, म्हणजे अधिकाऱ्याने ठरवलेला मोबदला, पटला नाही तर लवादाकडे अर्ज करता येतो. पैसे उचलताना "हक्क राखून स्वीकारले" असे लिहा.

प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.