सोर्ड बायोनेट (व्हिक्टोरियन काळातली तलवार-संगीन)

सोर्ड बायोनेट म्हणजे बंदुकीच्या नळीला अडकवायची तलवार. मराठीत बायोनेटला संगीन म्हणतात, पण संगीन म्हटलं की जो तिकोनी टोकदार सुळा डोळ्यासमोर येतो तो वेगळा, त्याला मूठ नसते, नळीवर चढवायला नुसती पोकळ बाही असते, त्याला सॉकेट बायोनेट म्हणायचं. सोर्ड बायोनेटला मूठ, परज, धारेचं पातं, म्यान सगळं असतं, बंदुकीवरून काढली की हातात छोटी तलवारच. राणी व्हिक्टोरियाच्या काळात (१८३७ ते १९०१) ब्रिटिश सैन्यात हिचे बरेच नमुने आले नि गेले. जुन्या हत्यारांचा नाद लागलेले बरेच जण हिच्यापासूनच सुरुवात करतात, एक तर तलवारीपेक्षा स्वस्त पडते आणि दुसरं म्हणजे हिच्या अंगावर वाचायला भरपूर असतं.

मूळ कारण अगदी साधं, लांबीचं. रायफल पलटणींची बंदूक बाकी पायदळाच्या बंदुकीपेक्षा आखूड, आणि घोडदळ अंगावर आलं तर सगळ्यांची पोच सारखीच हवी, म्हणून बंदूक आखूड तर पातं लांब. १८०० च्या सुमाराच्या बेकर रायफलपासून हा हिशोब चालत आला. पुढे १८५३ च्या लांब एन्फिल्ड रायफलची नळी ३९ इंच आणि तिला तिकोनी संगीन, तर १८५६ च्या शॉर्ट रायफलची नळी ३३ इंच आणि तिला जवळपास २३ इंची (साधारण ५८ सेंमी) पात्याची सोर्ड बायोनेट. ही मिळायची रायफल पलटणींना आणि इतर पलटणींतल्या सार्जंटांना. ब्रिटिश रायफल पलटणीत अजूनही संगिनीला ‘सोर्ड’च म्हणतात, मग पातं वीतभर का असेना.

या १८५६ वाल्या घराण्याचं पातं सरळ नाही, त्याला नागमोडी दुहेरी वळण आहे, तुर्की यातागान तलवारीसारखं. फ्रेंचांनी ते १८४० च्या आसपास उचललं आणि मग अर्ध्या युरोपने. लोकांना वाटतं शोभेसाठी असेल, पण नाही. बंदूक ठासणीची, म्हणजे दारू-गोळी तोंडातून भरून ठासगजाने दाबायची, आणि संगीन लावलेली असताना हे करायचं तर हात पात्यावर घासणार, म्हणून पातं नळीपासून जरा बाहेर वळवलं. पुढे मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि वळणाचं काम संपलं, तरी ते बरीच वर्षं रेंगाळलं. मार्टिनी-हेन्री या मागून भरायच्या ब्रिटिश रायफलीच्या १८८७ च्या नमुन्यात पातं सरळ झालं, साडेअठरा इंची, आणि १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीला तर १२ इंची दुधारी, तिला तलवार म्हणायचं म्हणजे जरा मोठेपणाच.

हातात घेतल्यावर आधी परजेवरची कडी बघायची, जी नळीच्या टोकावर बसते. काही एन्फिल्ड काळातल्या नगांत या कडीच्या आत दुसरी बारीक कडी ठोकून बसवलेली दिसते. तो दोष नाही! मार्टिनी-हेन्रीची नळी बारीक होती, म्हणून जुन्याच संगिनी अशा बुजवून चालवल्या, आणि १८७९ च्या झुलू युद्धात सार्जंटांकडे याच होत्या. मग पात्याच्या मुळाशी ठसे: बाण म्हणजे सरकारी माल, मुकुटाखाली आकडा आणि अक्षर म्हणजे तपासनीस (E एन्फिल्ड, B बर्मिंगहॅम, S म्हणजे जर्मनीतलं सोलिंगन, कारण इंग्लंडातले कारखाने पुरे पडत नव्हते), आणि X म्हणजे पातं वाकवून पाहिलंय. दोन बाण टोकाला टोक भिडवून असतील तर सरकारने नग विकून टाकला. पितळी कंगोऱ्यांची मूठ आणि पात्याच्या पाठीवर बारीक फ्रेंच अक्षरात कारखाना, महिना, साल असेल तर ती ब्रिटिश नाहीच, ती १८६६ च्या फ्रेंच शास्पो रायफलीची. बाजारात सगळ्यात जास्त तीच भेटते आणि बिनधास्त ‘इंग्रजांची तलवार’ म्हणून खपवतात.

वाकवून बघायची चाचणी असून १८८५ मध्ये सुदानात अबू क्लियाच्या लढाईत ब्रिटिशांच्या संगिनी वाकल्या (तिथे मुख्यतः मार्टिनी-हेन्रीच्या तिकोनी संगिनी), लंडनमध्ये पेपरांनी बोंब ठोकली, मग चौकशी आणि साठ्यातल्या नगांची फेरतपासणी. त्यामुळे नंतरचे जादा ठसे दिसले तर खोडसाळपणा समजू नये.

आपल्याकडे हा माल जुना होऊनही टिकला, त्याला कारण आहे. १८५७ नंतर हिंदी शिपायाला मुद्दाम एक पिढी मागचं हत्यार द्यायची पद्धत पडली. १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री, आणि शेजारी लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्सकडे स्नायडर, म्हणजे मागून भरायची केलेली जुनी एन्फिल्डच. नेपाळात तर काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारात असला माल ढिगाने पडून होता, तो २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी टनावारी उचलला आणि तेव्हापासून गुरखा छापाचे नग जगभर फिरतायत.

साफसफाईत सगळ्यात जास्त नुकसान होतं. पॉलिश पेपर मारला की ठसे गेले, आणि ठसे गेले की उरतो लोखंडाचा तुकडा. पितळी मुठीला पितांबरी लावायचा मोह आवरा, पात्याला हलकं तेल पुरे. चामड्याच्या म्यानात पातं कायम ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आतून गंज चढतो, कोकणात तर एका पावसाळ्यात. म्यान मात्र फेकू नका, चामडं आटून फाटतं म्हणून मूळ म्यान दुर्मिळ असतं आणि त्याने किंमत चांगलीच वाढते.

भारतात घ्यायची तर कायदा आधी बघा. शस्त्र नियमांच्या यादीत बायोनेट नावानिशी आहे, आणि जिथे सरकारने शस्त्र कायद्याच्या कलम ४ खाली अधिसूचना काढलीय तिथे लायसन्स लागतं. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू धरली जाते, तेव्हा परदेशातल्या मित्राला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.