कुंपणापलीकडची मदत : विमानातील बिघाड आणि जमिनीवरील यंत्रणा

16 जुलै 2021 रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात, सातपुड्याच्या डोंगरात, शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे एक छोटे विमान कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा त्यात मृत्यू झाला आणि प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. रुग्णवाहिका पोहोचेल असा रस्ता तेथे नव्हता. परिसरातील आदिवासी बांधव धावून गेले, एका महिलेने अंगावरची साडी काढून दिली, त्या साडीची झोळी करून ती लाकडाला बांधली आणि जखमी तरुणीला डोंगरवाटेने खाली आणले. विमान अपघाताच्या वेळी पहिली मदत कोणाची पोहोचते, याचे खान्देशापुरते उत्तर या घटनेत आहे. प्रवासी विमानांच्या बाबतीत हेच उत्तर नियमांत बसविण्यासाठी जगाने जवळपास शंभर वर्षे घेतली आहेत.

प्रारंभ शब्दापासून झाला. 1923 च्या सुमारास लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी संकटाची हाक म्हणून ‘मेडे’ हा शब्द सुचविला. क्रॉयडनची बरीच वाहतूक पॅरिसशी असल्याने ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी उच्चाराने जुळणारा शब्द दोन्ही बाजूंना कळेल, असा त्यामागील विचार होता. 1927 मध्ये या हाकेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आजही वैमानिक हा शब्द तीनदा उच्चारतो. तातडी आहे पण जिवावरचा प्रसंग नाही, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ म्हणतो, आणि ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख पाठविणाऱ्या यंत्रावर, 7700 हा संकेत लावला की रडारच्या पडद्यावर ते विमान इतरांहून वेगळे दिसू लागते. त्यानंतर विमानतळाच्या नियंत्रण टॉवरमधून विचारले जाणारे प्रश्न मोजके असतात : बिघाड काय आहे, विमानात किती जीव आहेत, इंधन किती उरले आहे. शेवटचे दोन प्रश्न वैमानिकापेक्षा अग्निशमन दलासाठी अधिक महत्त्वाचे असतात. किती लोकांना बाहेर काढायचे आणि किती इंधन पेटू शकते, हे त्यांना विमान उतरण्यापूर्वी कळावे लागते.

यंत्र बिघडल्यावर माणसाचे लक्ष कसे भरकटते, हा धडा फार महागात मिळाला. डिसेंबर 1972 मध्ये फ्लोरिडात ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान चाकांची स्थिती दाखविणाऱ्या एका जळालेल्या दिव्याकडे कॉकपिटमधील सगळे पाहत असताना नकळत खाली येत दलदलीत कोसळले. डिसेंबर 1978 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान चाकांच्या बिघाडावर विचार करत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले, त्यात इंधन संपले आणि 10 जणांचा बळी गेला. इंधन संपत आल्याचे कॉकपिटमधील इतरांना दिसत होते, परंतु कॅप्टनला ते पुरेशा ठामपणे सांगितले गेले नाही. त्यानंतर 1979 मध्ये नासाच्या कार्यशाळेतून कॉकपिटमधील परस्पर सहकार्याच्या प्रशिक्षणाचा पाया घातला गेला. कनिष्ठाने वरिष्ठाला वेळेवर टोकणे ही शिकवण्याची गोष्ट आहे, हे विमानसेवेने तेव्हा मान्य केले.

विमान सुखरूप उतरले म्हणजे संकट टळले, हा समज 19 ऑगस्ट 1980 रोजी रियाधमध्ये मोडला. मागील मालकक्षात धूर दिसल्याने सौदिया या सौदी विमान कंपनीचे विमान परत फिरले आणि धावपट्टीवर नीट उतरले. पण ते लगेच थांबविले गेले नाही, प्रवाशांना बाहेर काढण्याची आज्ञा निघाली नाही, आणि इंजिने बंद झाल्यावर बचाव पथकाला दार उघडण्यास सुमारे 23 मिनिटे लागली. विमानातील सर्व 301 जण मरण पावले. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक घटना हीच आहे, कारण येथे आकाशातील भाग यशस्वी झाला होता.

याच्या उलट उदाहरण 19 जुलै 1989 चे, अमेरिकेतील सू सिटीचे. शेपटीतील इंजिनाची चकती फुटून विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबाने नियंत्रणे हलविणाऱ्या) प्रणाली निकामी झाल्या आणि वैमानिकांना केवळ उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून ते वळवावे लागले. बिघाडापासून उतरण्यापर्यंतच्या सुमारे 44 मिनिटांत जमिनीवरची यंत्रणा उभी राहिली. अग्निशमन गाड्या एका बंद धावपट्टीवर उभ्या होत्या आणि विमान नेमके त्याच धावपट्टीकडे येत असल्याचे लक्षात येताच शेवटच्या काही मिनिटांत त्या हलवाव्या लागल्या. विमानातील 296 पैकी 112 जण दगावले, तरीही 184 जण वाचले. त्या परिसराने दोनच वर्षांपूर्वी, 1987 मध्ये, मोठ्या विमानाच्या अपघाताची रंगीत तालीम केली होती आणि रुग्णालयांत पाळी बदलण्याची वेळ असल्याने दोन्ही पाळ्यांचे कर्मचारी उपलब्ध होते. दुसरी गोष्ट दैवाची. पहिली मात्र पूर्णपणे माणसांच्या हातची होती. विमानाचा काही भाग उंच मक्याच्या शेतात जाऊन पडला आणि वाचलेले प्रवासी त्या पिकातून वाट शोधत होते. रावेर-यावलकडे केळीची बाग पाहिलेल्या कोणालाही हे चित्र परके वाटणार नाही. तेथे दहा पावलांवरचा माणूसही दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आता विमानतळाची अग्निशमन श्रेणी तेथे येणाऱ्या विमानाच्या लांबीवरून आणि धडाच्या रुंदीवरून ठरते, बचाव गाडीने धावपट्टीच्या कोणत्याही टोकाशी तीन मिनिटांच्या आत पोहोचणे अपेक्षित असते आणि पूर्ण स्वरूपाची तालीम दोन वर्षांतून किमान एकदा घ्यावी लागते. जळगावच्या कुसुंबा येथील विमानतळाला हा नियम प्रत्यक्ष लागू पडतो. उडान योजनेखाली डिसेंबर 2017 मध्ये तेथून सेवा सुरू झाली ती सुमारे 18 आसनांच्या, 18 मीटरपेक्षा कमी लांबीच्या विमानाने; पुढे 2019 मध्ये तेथे सुमारे 27 मीटर लांबीचे एटीआर हे पंख्याच्या इंजिनांचे प्रवासी विमान येऊ लागले. केवळ लांबी पाहिली तर ही वाढ श्रेणी 3 वरून श्रेणी 5 अशी आहे, आणि आग विझविणाऱ्या फेसासाठी लागणारे किमान पाणी नेहमीच्या दर्जाच्या फेसाला 1,200 लिटरवरून 5,400 लिटर होते. उड्डाणे कमी असल्यास एका श्रेणीची सवलत मिळू शकते. तरीही विमान वाढले की टाकी, गाडी आणि माणसे वाढवावी लागतात.

विमानतळावरील ‘क्रॅश फायर टेंडर’, म्हणजे विमान अपघातासाठीची खास अग्निशमन गाडी, कुंपणाच्या आतले काम करते. त्यापुढे महापालिकेचे अग्निशमन दल, पोलीस, 108 रुग्णवाहिका आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यांची साखळी लागते. म्हणूनच टॉवरकडून ‘लोकल स्टँडबाय’ आणि ‘फुल इमर्जन्सी’ असे वेगळे इशारे दिले जातात आणि पहिल्यात गाड्या सज्ज राहतात, तर दुसऱ्यात बाहेरची यंत्रणाही बोलावली जाते. 11 ऑक्टोबर 2024 रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या विमानात हायड्रॉलिक बिघाड झाला तेव्हा इंधन कमी होईपर्यंत ते दोन तासांहून अधिक वेळ घिरट्या घालत होते, कारण तशा आकाराच्या विमानात इंधन हवेत सोडून देण्याची सोय नसते. त्या काळात खाली अग्निशमन गाड्या आणि रुग्णवाहिका जमविल्या गेल्या आणि सुमारे 140 जण सुखरूप उतरले.

सगळ्या यंत्रणांच्या हाती परिसराचा एकच चौकटीचा नकाशा असावा, म्हणजे टॉवरने सांगितलेली चौकट पोलीस आणि अग्निशमन दल दोघांनाही एकच जागा दाखवील, अशी विमानतळाच्या आपत्कालीन योजनांची अपेक्षा असते. खान्देशात या नकाशावर शिवारांची नावे, पाणंद रस्ते, नाल्यावरचे फरशी पूल आणि पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा असायला हव्यात; आणि मॉक ड्रिलच्या दिवशी जवळच्या गावांचे सरपंच व पोलीस पाटील यांनाही बोलावायला हवे. वर्डीच्या डोंगरात उतरण्याची वाट तेथील माणसांनाच ठाऊक होती.