करुणाशील कृत्रिम बुद्धिमत्ता

माणसाचे दुःख ओळखून त्याला सावरणारा, त्याचे भले होईल असाच प्रतिसाद देणारा आणि जमल्यास त्याच्या साधनेला हातभार लावणारा संगणक घडवण्याचे प्रयत्न या नावाखाली येतात. यात समुपदेशकाच्या धर्तीवर बोलणारे चॅटबॉट आहेत, वृद्धाश्रमांतील यंत्रप्राणी आहेत, मंदिरात प्रवचन करणारे रोबो आहेत आणि अलीकडे सर्वसाधारण कामांसाठी बनलेल्या चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपांना समंजस वागणे शिकवण्याचे तंत्रही आहे. यंत्राला आतून काही वाटते का, हा वाद तत्त्वज्ञांकडे चालूच आहे. क्षेत्राचा रोजचा व्यवहार मात्र यंत्र वागते कसे यावर चालतो. त्या वागण्यात करुणा आणि लाघवीपणा यांची गल्लत किती सहज होते, हे साठ वर्षांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसले आहे.

एलायझा : अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६४ ते १९६६ या काळात एलायझा हा संवादी प्रोग्रॅम लिहिला. त्याची ‘डॉक्टर’ ही संहिता मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीच्या समुपदेशकाची नक्कल करी : स्वतःचे मत द्यायचे नाही, समोरच्याचेच बोलणे प्रश्न करून त्याच्याकडे परत पाठवायचे. वाक्यातला ठरावीक शब्द हुडकायचा, ‘माझा’चे ‘तुमचा’ करायचे आणि तयार साच्यात बसवायचे, एवढेच तंत्र. मराठीत बेतून पाहिले तर ‘माझी आई माझ्याशी बोलत नाही’ असे टाइप केल्यावर ‘तुमची आई तुमच्याशी बोलत नाही असं का वाटतं?’ असे उत्तर येईल. ‘आई’ शब्द यादीत असेल तर पुढचा प्रश्न घरच्या मंडळींविषयी. काहीच हाती लागले नाही तर ‘बरं, पुढे?’ एवढ्यावर लोक मन मोकळे करू लागले. हा प्रोग्रॅम महिनोन्‌महिने लिहिला जाताना पाहिलेल्या वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी एलायझाशी बोलताना खुद्द त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले, हा किस्सा त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे.

बालपणी कुटुंबासह नाझी जर्मनीतून बाहेर पडलेल्या वायझेनबाउम यांनी या प्रकाराचा धसकाच घेतला. स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांना त्यातच उपाय दिसला : रुग्ण फार, डॉक्टर थोडे, तर एक संगणक तासाला शेकडो रुग्णांशी बोलू शकेल. संगणकाला जमत असली तरी त्याच्याकडे सोपवू नयेत अशी काही कामे असतात, ही भूमिका वायझेनबाउम यांनी १९७६ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. आज या विषयावर होणाऱ्या परिसंवादांत तंत्र नवे असले तरी बाजू याच दोन असतात.

स्पर्शाची वाट : बोलण्याऐवजी स्पर्शावर भर देणारी शाखा जपानात वाढली. ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून विकसित केलेला ‘पारो’ हा हार्प सील या सागरी प्राण्याच्या पिलासारखा दिसणारा, पांढऱ्या लोकरीचा, साधारण अडीच-पावणेतीन किलोचा रोबो आहे. कुत्रा किंवा मांजर मुद्दामच निवडले नाही, कारण खरी मांजर कशी वागते हे सर्वांना ठाऊक असते आणि नक्कल लगेच उघडी पडते. सीलचे पिल्लू कोणी पाळलेले नसते. कुरवाळले की तो मान वळवतो, हाक मारली की डोळे उघडतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तो अनेक देशांत वापरला जातो आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. पारो एक शब्दही बोलत नाही, सल्ला देत नाही, म्हणून चुकीचा सल्लाही देत नाही. पुढे आलेल्या बोलक्या यंत्रांना ही सोय नव्हती. भावना ओळखणाऱ्या संगणनाचा शास्त्रीय पाया त्याआधीच, १९९७ मध्ये, एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांच्या ग्रंथाने घातला.

उपचारक चॅटबॉट आणि पुरावा : २०१७ मध्ये ॲलिसन डार्सी यांनी सुरू केलेला ‘वोबॉट’ आणि त्याच सुमारास बेंगळुरूत जो अग्रवाल व रामाकांत वेंपटी यांनी उभा केलेला, पेंग्विनचे चित्र असलेला ‘वायसा’ हे या पिढीचे प्रतिनिधी. दोन्हींचा आधार संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती. ‘मला काहीच जमत नाही’ या विचाराला ‘काहीच म्हणजे नेमकं काय?’ असा उलट प्रश्न करून त्यातली अतिशयोक्ती माणसाला स्वतःला दिसू द्यायची, हा तिचा गाभा. उत्तरे तज्ज्ञांनी आधीच लिहून ठेवलेली असत. त्यामुळे गप्पा थोड्या ठोकळेबाज होत, पण यंत्र भलतेच काही बोलून जाण्याची भीती कमी राही. वोबॉटच्या पहिल्या चाचणीत ७० तरुण होते आणि ती दोन आठवडे चालली. नैराश्याची लक्षणे कमी झालेली दिसली. हे ॲप जून २०२५ अखेर बंद झाले.

मोठ्या भाषा-प्रारूपांनी चित्र पालटले. एप्रिल २०२३ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लोकांनी ऑनलाइन विचारलेल्या १९५ आरोग्यविषयक प्रश्नांना डॉक्टरांनी आणि चॅटजीपीटीने दिलेली उत्तरे परीक्षकांपुढे ठेवली होती. यंत्राची ४५.१ टक्के उत्तरे सहृदय किंवा अत्यंत सहृदय ठरली, डॉक्टरांची ४.६ टक्के. या आकड्यांची बरीच जाहिरात झाली. पण ते डॉक्टर फावल्या वेळात, फुकट, दोन ओळींत उत्तरे देत होते आणि यंत्राची उत्तरे कितीतरी लांबलचक होती, हे सांगताना सहसा गाळले जाते. त्याहून वजनदार पुरावा डार्टमथ विद्यापीठाच्या ‘थेराबॉट’चा. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २१० जण होते; नैराश्य असलेल्यांची लक्षणे सरासरी ५१ टक्क्यांनी घटली. तुलनेला मात्र काहीच उपचार न मिळालेला, प्रतीक्षायादीतला गट होता आणि प्रत्येक संभाषणावर माणसांची देखरेख होती. बाजारातल्या ॲपमागे अशी देखरेख असेलच असे नाही. अमेरिकेतील खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेचा ‘टेसा’ हा चॅटबॉट २०२३ मध्ये अशाच रुग्णांना वजन उतरवण्याचे सल्ले देऊ लागला आणि तातडीने बंद करावा लागला.

गोड बोलण्याचे मूळ : आजच्या प्रारूपांचे वागणे बऱ्याच अंशी माणसांच्या पसंतीवरून घडवले जाते. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे माणसांपुढे ठेवतात, आवडेल ते निवडायला सांगतात आणि अशा असंख्य निवडींवरून प्रारूपाला वळण लावतात. आपल्याला दुजोरा देणारे उत्तर कोणालाही आवडतेच. त्यामुळे यंत्र हळूहळू होयबा होते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीच्या एका प्रारूपात केलेला बदल इतका खुशामतखोर निघाला की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

फरक कुठे पडतो ते एका साध्या उदाहरणात दिसते. रात्री साडेअकराला कोणी लिहितो : ‘साहेब रोज सगळ्यांसमोर डाफरतात. उद्या राजीनामा तोंडावर फेकतो.’ लाघवी यंत्र म्हणेल, ‘तुमचा स्वाभिमान कौतुकास्पद आहे, असा निर्णय घ्यायला धैर्य लागतं.’ करुणाशील यंत्र आधी विचारेल की आज नेमके काय झाले, जेवलात का, घरी कोणाच्या कानावर घातले आहे का, घराचा हप्ता चालू आहे का. आणि राजीनाम्याचा विचार सकाळी पुन्हा करू म्हणेल. दुसरे उत्तर ऐकणाऱ्याला त्या क्षणी आवडेलच असे नाही. पसंतीच्या मतदानात ते कदाचित हरेलही.

बौद्ध परंपरेने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (इथे अर्थ समचित्तता) या चार ब्रह्मविहारांचे, म्हणजे मनाच्या उदात्त अवस्थांचे, प्रत्येकी दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू उघड असतो : करुणेचा हिंसा, मैत्रीचा द्वेष. जवळचा शत्रू त्या गुणाचाच वेश घेऊन येतो : मैत्रीच्या शेजारी आसक्ती, करुणेच्या शेजारी खिन्न हळवेपणा, उपेक्षेच्या शेजारी अज्ञानातून आलेली बेफिकिरी. सोबतीच्या ॲपना ही कसोटी नेमकी लागू पडते. युजीनिया कुयडा यांनी २०१७ मध्ये बाजारात आणलेल्या ‘रेप्लिका’मागे त्यांच्या दिवंगत मित्राच्या संदेशांवरून तयार केलेला चॅटबॉट होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने मुलांना असलेल्या धोक्याचे कारण देत या ॲपला तेथील वापरकर्त्यांची माहिती वापरायला मनाई केली. त्याच सुमारास कंपनीने त्याच्या शृंगारिक बोलण्याला कात्री लावली, तेव्हा कित्येक वापरकर्ते जवळचे माणूस गेल्यासारखे शोक करू लागले. दूरच्या शत्रूला नियमांनी अडवता येते. जवळचा शत्रू महिन्याच्या वर्गणीवर चालतो.

याच परंपरेतून विधायक मांडणीही झाली आहे. टॉमस डॉक्टर, मायकेल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बुद्धीचे मूळ आस्थेत शोधले : एखादा जीव किती दूरवरच्या आणि किती जणांच्या दुःखाची काळजी वाहू शकतो, यावर त्याच्या बुद्धीचा आवाका ठरतो. सर्व प्राणिमात्रांचे दुःख आपले मानणारा बोधिसत्त्वाचा संकल्प त्यांनी यंत्ररचनेचे तत्त्व म्हणून सुचवला. कल्पना मोठी आहे. तिच्यावर चालणारे यंत्र अजून कोणी दाखवलेले नाही.

धर्मस्थळातील यंत्रे : बीजिंगच्या लोंगछ्वान विहारातील दोनेक फूट उंचीचा ‘शियान-अर’ हा छोटा भिक्खू-रोबो २०१५-१६ पासून भाविकांच्या ठरावीक प्रश्नांना उत्तरे देऊ लागला. जर्मनीत विटेनबर्ग येथे २०१७ मध्ये धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षानिमित्त ‘ब्लेसयू-टू’ हा हातांतून प्रकाश टाकत आशीर्वाद देणारा रोबो ठेवला होता. चर्चा घडवण्यासाठीच तो होता आणि ती झाली. सर्वांत गाजला तो क्योटोच्या कोदाइ-जी मंदिरातील ‘मिंदार’. ओसाका विद्यापीठाच्या मदतीने २०१९ मध्ये उभा केलेला हा १९५ सेंटिमीटर उंचीचा रोबो करुणेची देवता कॅनन हिचे रूप आहे. कॅनन म्हणजे मुळात आपल्याकडचा अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी म्हणून रंगवलेला तोच. मिंदारचा चेहरा आणि हात सिलिकोनचे आहेत, बाकी ॲल्युमिनियमचा सांगाडा उघडा ठेवला आहे. तो प्रज्ञापारमिताहृदयसूत्रावर प्रवचन करतो आणि ते शब्दशः आधी लिहिलेले असते. स्वतःहून बोलणारी यंत्रे अधिक अडचणीत आली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील एका कॅथलिक संस्थेने आणलेला ‘फादर जस्टिन’ आपण खरे धर्मगुरू असल्याचे सांगून पापक्षमा देऊ लागला. काही दिवसांतच त्याचा झगा उतरवून त्याला साधा ‘जस्टिन’ करण्यात आले. २०२३ मध्ये भारतात निघालेल्या गीतेवरच्या काही चॅटबॉटनी धर्मासाठी हत्या समर्थनीय ठरवल्याच्या बातम्या आल्या.

यंत्रातून उपदेश ही गोष्ट मात्र आपल्याला नवी नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करून घेतात, आणि त्याच शिबिरात साधनेच्या सूचना व सायंकाळची प्रवचने ही २०१३ मध्ये दिवंगत झालेल्या सत्यनारायण गोएंका यांच्या ध्वनिचित्रमुद्रणांतून होतात. हे मुद्रण ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून बदलत नाही. कंटाळा आला, पाय दुखले, शिबिर सोडून जावेसे वाटले तरी सूचना तीच राहते, आणि अडलेल्यासाठी सहायक आचार्य प्रत्यक्ष असतात. चॅटबॉटची ताकद नेमकी उलटी : तो प्रत्येकासाठी वेगळे बोलतो. साधनेत ती ताकद उपयोगी की घातक, याचा निकाल साधक किती पक्का आहे यावर लागेल असे दिसते.

भारत आणि मराठी : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात एक लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नव्हता, प्रमाण ०.७५ होते. कोल्बी यांचा जुना युक्तिवाद त्यामुळे इथे चटकन पटतो. पण यंत्राला भाषा कळायला हवी. ‘या उकाड्यानं जीव नकोसा झालाय’ आणि ‘आता जीव नकोसा झालाय’ यांतल्या दुसऱ्या वाक्यावर थांबून विचारपूस करावी लागते, पहिल्यावर नाही. मानसिक त्रास आपल्याकडे बहुधा शरीराच्या भाषेत सांगितला जातो : छातीत धडधडतं, डोकं भणभणतं, अन्न गोड लागत नाही. इंग्रजी संभाषणांवर पोसलेले प्रारूप अशा वाक्यावर पित्ताचा सल्ला देण्याची शक्यता मोठी. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतही प्रत्यक्ष माणूस बोलतो.

नियमन : फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॅटिकनच्या पुढाकाराने मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी रोम येथे नैतिक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, जुलै २०२४ मध्ये हिरोशिमात आशियातील धर्मांचे प्रतिनिधी त्यात सामील झाले. असे जाहीरनामे बंधनकारक नसतात. युरोपीय संघाच्या कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळांत वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता भावना ओळखणारी यंत्रणा वापरायला बंदी घातली. अमेरिकेत कायद्यांना वेग आला तो अल्पवयीन मुलांच्या आत्महत्यांवरून चॅटबॉट कंपन्यांविरुद्ध दावे दाखल झाल्यानंतर. इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्राला स्वतंत्रपणे मानसोपचार करण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला कायदा सोबतीच्या चॅटबॉटवर आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्यांसाठी ठरलेली कार्यपद्धती ठेवण्याचे बंधन घालतो. शिवाय समोर अल्पवयीन मूल असल्याचे ठाऊक असेल तर दर तीन तासांनी त्याला विश्रांती घ्यायला सांगावे लागते आणि आपण माणूस नसल्याची आठवण करून द्यावी लागते.