एसी लावला म्हणजे ढोंगी?
भुसावळात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, अन् झाडं वाचवा म्हणणारा पोरगा घरी एसी लावतो म्हणून तो ढोंगी, हे किती वर्षं ऐकतोय भाऊ. हिशोब तर बघा, दीड टनाचा एसी तासाला फार तर दीड-दोन युनिट खातो, आणि आपल्या दीपनगरच्या वीज केंद्राचा 500 मेगावॅटचा एक संच फुल लोडवर तासाला 5 लाख युनिट बनवतो, तेही कोळशावर. त्यानं एसी बंद केला तर त्या केंद्राच्या धूर सोडणाऱ्या चिमणीला कळणार पण नाही, तो बोलतोय ते चिमणीबद्दल! अन् हे 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे प्रत्येकामुळे हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशोब, घराघरात पोचवलं कोणी, तर बीपी या तेल कंपनीनं, 2000 नंतरच्या जाहिरातींतून. हां, चार एसी लावून दुसऱ्याला पंखा बंद कर सांगणाऱ्याला खुशाल हसा, मी पण हसतो.