भीती, लघवी आणि मध्यमेंदू

घाबरलेला उंदीर जागच्या जागी मुततो, हे ज्याच्या घरात पिंजरा लावलाय त्याला ठाऊक असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅल्व्हिन हॉल यांनी १९३४ मध्ये त्याचंच मोजमाप केलं: गोल रिंगणात उंदीर सोडायचा आणि लघवी-लेंड्यांवरून तो किती भित्रा ते ठरवायचं. हिशेब जरा भाबडाच. पुढे १९७३ मध्ये नर उंदरांच्या पिंजऱ्याची जमीन अतिनील प्रकाशात पाहिली गेली, तेव्हा वरचढ नराने सगळीकडे खुणा केलेल्या दिसल्या. दबून राहणाऱ्याची लघवी मात्र कोपऱ्यात साचलेली. म्हणजे जास्त ठिकाणी मुतणारा इथे भित्रा नव्हताच.

मेंदूतला शोध मांजरांपासून सुरू झाला. लंडनचे शल्यविशारद बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की मध्यमेंदूखालच्या पॉन्समधली एक जागा निकामी केली, की मांजराला मूत्राशय रिकामं करता येत नाही. तिकडे झुरिकमध्ये वॉल्टर हेस जाग्या मांजरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून वीज सोडत. तार एका जागी असली की मांजर केस फुलवून फिस्कारे, दुसरीकडे नेली की मुते. १९४९ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण विजेचा एक घोळ होता. ती तिथल्या पेशींबरोबर तिथून नुसते जाणारे तंतूही चेतवते. १९८० च्या दशकात सिडनीच्या रिचर्ड बँडलर यांनी ग्लुटामेटसारखी, फक्त पेशी चेतवणारी द्रव्यं टोचली. मध्यमेंदूतल्या द्रवनलिकेभोवतीच्या करड्या भागात त्यामुळे उभे पट्टे उमगले: बाजूचा चेतवला तर उंदीर पळतो किंवा अंगावर येतो आणि रक्तदाब चढतो, पोटाकडचा, म्हणजे खालच्या अंगाचा, चेतवला तर तो निपचित होतो, दाब उतरतो.

याच पोटाकडच्या पट्ट्यावर मूत्राशयाची वाटही निघाली. २०११ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी भूल दिलेल्या उंदरांत त्या भागातल्या पेशी गप्प केल्या, तेव्हा लघवीची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली किंवा थांबली. २०१६ मध्ये बाझेलच्या गटाने तिथलीच भीतीची साखळी उलगडली: अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाकडून येणाऱ्या पेशी तिथल्या आवर घालणाऱ्या पेशींचा लगाम सैल करतात आणि उंदीर थिजतो.

त्याच वर्षी हार्वर्डमध्ये बॅरिंग्टन यांच्या जागेतल्या ठरावीक पेशी आधी प्रकाशसंवेदी करून प्रकाशाने चेतवल्या, तर मूत्राशय आकुंचन पावलं. २०१८ मध्ये मेंदूतल्या त्याच जागेत, पण कॅलिफोर्नियातल्या एका गटाला, आणखी एका जातीच्या पेशी सापडल्या. त्या मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैल करतात. मादीच्या वासाने नर ज्या खुणा करतो, त्या यांना गप्प केलं की थांबतात.