प्ले थेरपीच्या ओळख कोर्सला अर्ज करताय? पात्रता, कागदपत्रं आणि नंतर काय होतं ते सगळं

सायकॉलॉजी, सोशल वर्क, शिक्षणशास्त्र, नर्सिंग, स्पीच थेरपी, यातलं काहीही शिकत असाल तर कधी ना कधी प्ले थेरपी, म्हणजे खेळाच्या माध्यमातून मुलांना मानसिक मदत करण्याची पद्धत, हा शब्द कानावर पडतोच, आणि मग प्रश्न सुरू होतात की अर्ज कसा करायचा, कागदपत्रं काय लागतात, आणि कोर्स झाला की लगेच मुलांसोबत काम करता येतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, नाही येत. ओळख कोर्स म्हणजे ओळखच. तो करून तुम्हाला कळतं की हे काम नेमकं काय आहे आणि आपल्याला झेपणारं आहे का. हे डोक्यात ठेवून अर्ज केलात तर फॉर्ममधले निम्मे प्रश्न आपोआप सोपे वाटतात, कारण ते विचारणाऱ्यालाही एवढंच बघायचं असतं की या मुलाला किंवा मुलीला आपली हद्द कळते का.

आधी पायऱ्या समजून घ्या, कारण लोक इथेच गोंधळतात. पहिली पायरी ओळख वर्कशॉप किंवा कॉलेजातला इलेक्टिव्ह पेपर, यात लेक्चर, व्हिडिओ, आपापसात रोलप्ले. दुसरी ऑब्झर्वेशन किंवा प्लेसमेंट, जिथे खरी मुलं असतात आणि तुम्ही कुणाच्या तरी देखरेखीखाली असता. तिसरी पूर्ण प्रोफेशनल ट्रेनिंग, आणि तिला पदवीचा विद्यार्थी सहसा बसतच नाही. उदाहरण सांगायचं तर अमेरिकेत 1982 मध्ये चार्ल्स शेफर आणि केविन ओ'कॉनर यांनी असोसिएशन फॉर प्ले थेरपी सुरू केली, तिच्याकडून रजिस्टर्ड प्ले थेरपिस्ट हे नाव मिळवायचं तर मानसिक आरोग्य क्षेत्रातली मास्टर्स, प्रॅक्टिसचं लायसन्स, प्ले थेरपीचं 150 तासांचं शिक्षण आणि वर सुपरव्हिजनखाली केलेलं प्रत्यक्ष काम, एवढं सगळं दाखवावं लागतं. ब्रिटिश असोसिएशन ऑफ प्ले थेरपिस्ट्सने मान्यता दिलेले कोर्ससुद्धा पदव्युत्तर पातळीचेच आहेत. त्यामुळे कुणी वीकेंडच्या कोर्सनंतर "सर्टिफाइड प्ले थेरपिस्ट व्हा" अशी जाहिरात करत असेल तर तो टॅब बंद करा.

पात्रता

ओळख कोर्सची पात्रता बहुतेक ठिकाणी सोपी असते. वय 18 पूर्ण, संबंधित विषयात पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण चालू, आणि बऱ्याच ठिकाणी बालविकासाचा किंवा मानसशास्त्राचा एखादा पेपर झालेला. विषय वेगळा असला, म्हणजे समजा नाटक किंवा फाइन आर्ट्स, तरी लगेच हार मानू नका, कोऑर्डिनेटरला ईमेल करून विचारा, मुलांसोबत आधी काम केलेलं असेल तर कधी कधी घेतात. मार्कांची अट असेलच असं नाही. प्लेसमेंटची पात्रता मात्र कडक असते आणि ती मुख्यतः मुलांच्या सुरक्षिततेशी जोडलेली असते, तिथे तुमचे मार्क कुणी फारसे बघत नाही.

कागदपत्रं

ओळखपत्र, फोटो, मार्कशीट किंवा ट्रान्सक्रिप्ट, सध्या शिकताय याचा कॉलेजचा दाखला, हे तर कुठल्याही अर्जाला लागतं, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना ते बघा. एकीकडे वडिलांच्या नावासकट, दुसरीकडे नुसतं आडनाव, असं असेल तर व्हेरिफिकेशनला अडकतं.

सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नाही याची पडताळणी. देशादेशात नाव आणि पद्धत वेगळी, इंग्लंड आणि वेल्समध्ये याला एन्हान्स्ड डीबीएस चेक म्हणतात, पण हेतू एकच, मुलांजवळ जाणारा माणूस तपासलेला हवा. याला किती दिवस लागतील ते तुमच्या हातात नसतं, म्हणून अर्जाची तारीख जाहीर व्हायची वाट न बघता हे आधी सुरू करा. मध्ये काही काळ दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिथलाही दाखला मागू शकतात, तो मिळवायला अजून वेळ जातो. आणि जुना दाखला चालेल असं गृहीत धरू नका, किती महिन्यांच्या आतला हवा ते संस्थेला विचारून घ्या.

त्यासोबत बालसुरक्षेचं छोटं ट्रेनिंग केल्याचं सर्टिफिकेट मागतात, ते बऱ्याचदा ऑनलाइन होतं आणि काही संस्था स्वतःच करून घेतात. मग गोपनीयतेचं हमीपत्र, ज्यावर तुम्ही सही करता की सेशनमध्ये बघितलेलं बाहेर बोलणार नाही. हे वाचल्याशिवाय सही करू नका, कारण "बाहेर" मध्ये तुमचा हॉस्टेलचा रूममेट आणि क्लासचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन्ही येतात. आरोग्याबद्दलचं डिक्लरेशन असेल तर खरं लिहा, स्वतः काउन्सेलिंग घेतलंय हे लपवायची काही गरज नाही, पूर्ण ट्रेनिंगच्या कितीतरी कोर्समध्ये तर विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घेणं ही अटच असते.

रेफरन्स लेटर साधारण दोन. एक विषय शिकवणाऱ्या शिक्षकांचं, दुसरं शक्यतो अशा माणसाचं ज्याने तुम्हाला मुलांसोबत वावरताना बघितलंय, म्हणजे शिबिराचे आयोजक, खेळाचे कोच, अभ्यासिका चालवणारे कुणी. नातेवाईक चालत नाहीत. विभागप्रमुखांचं मोठ्या हुद्द्याचं पण गुळगुळीत पत्र आणण्यापेक्षा तुम्हाला ओळखणाऱ्याचं साधं पत्र जास्त कामाचं, हे माझं ठाम मत आहे.

पालकांचं संमतीपत्र तुम्ही गोळा करायचं नसतं, ते संस्था करते. पण व्हिडिओ रेकॉर्डिंग होणार असेल तर त्याची संमती वेगळी लागते आणि मुलाला त्याच्या वयाला समजेल असं विचारलेलं असावं लागतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं. प्रोजेक्ट किंवा डेझर्टेशनसाठी माहिती वापरायची असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी हा पूर्ण वेगळा अर्ज आहे, आणि मंजुरी माहिती गोळा करायच्या आधी हवी, नंतर मागितलेली चालत नाही.

एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं तुमचं निवेदन), जिथे खरा निकाल लागतो

"मला लहान मुलं खूप आवडतात" हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं. वाईट नाही, पण त्यातून काही कळत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइनने 1947 मध्ये नॉन-डिरेक्टिव्ह, म्हणजे मुलाला दिशा न देणाऱ्या, प्ले थेरपीची आठ तत्त्वं मांडली, त्यातलं एक असं की मूल पुढे चालेल आणि थेरपिस्ट मागून जाईल. आता ज्याला मुलं आवडतात त्याला बहुतेक वेळा मुलांना खेळवायला आवडतं, आणि इथे नेमकं तेच करायचं नसतं. म्हणून एसओपीत तुम्ही मुलाकडे लक्ष देऊन काय बघितलंत ते लिहा. समजा एखादी मुलगी बाहुलीला परत परत झोपवत होती आणि परत परत उठवत होती, तर तेवढंच लिहा, किती वेळ, कशी, मध्ये थांबली का, तुम्हाला तेव्हा काय वाटलं. तिच्या घरी काहीतरी झालं असणार असा अर्थ लावायला जाऊ नका. आणि मुलाचं खरं नाव, शाळा काहीही नको, अर्जातच गोपनीयता मोडली तर पुढे काय बोलणार.

इंटरव्ह्यूत छोटा रोलप्ले करायला लावतात. समोरचा मूल होतो, तुम्ही थेरपिस्टच्या जागी बसता. इथे तुमच्याकडून मुरलेला थेरपिस्ट दिसावा अशी अपेक्षा नसते, पण थोडी तयारी करून जा. मूल एखादी वस्तू उचलतं तेव्हा "ही गाडी आहे ना, किती छान!" म्हणण्याऐवजी "तू ते वर वर नेतोयस" एवढंच म्हणायचं, कारण त्याच्यासाठी ती गाडी आहे की विमान की आई, ते त्यालाच ठरवू द्यायचं. प्रश्नांचा मारा नको, शाबासकीही नको, मूल मग शाबासकीसाठीच खेळायला लागतं. मूल वस्तू तुमच्या अंगावर फेकायला निघालं तर अमेरिकन प्ले थेरपिस्ट गॅरी लँड्रेथ यांची तीन टप्प्यांची पद्धत प्रसिद्ध आहे, आधी भावना ओळखून सांगायची, मग मर्यादा सांगायची, मग पर्याय द्यायचा. "तुला माझा खूप राग आलाय, पण मी मारण्यासाठी नाही, तू त्या उशीला मारू शकतोस." ओरडायचं नाही, भाषण द्यायचं नाही.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, मुलाने "कुणाला सांगू नकोस" म्हणून काही सांगितलं तर काय कराल? मुलाला धोका आहे असं वाटलं तर सुपरव्हायझरला सांगणारच, आणि म्हणून आधी कधीच मुलाला पूर्ण गुपित ठेवण्याचं वचन देणार नाही, हे स्पष्ट बोला. इथे गडबडलेला चांगला विद्यार्थीसुद्धा थांबवला जातो.

फी भरायच्या आधी संस्थेला विचारून घ्या की शिकवणारी व्यक्ती कुठल्या संघटनेत रजिस्टर्ड आहे, किती तास समोरासमोर आणि किती रेकॉर्डेड, हे तास पुढच्या ट्रेनिंगला धरले जातात का, आणि प्लेसमेंट असेल तर सुपरव्हिजन आणि इन्शुरन्स कोण देतं. उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

निवड झाली की पहिल्या दिवसापासून लॉगबुक ठेवा. तारीख, तास, काय केलं, सुपरव्हायझरची सही, आणि सही त्याच आठवड्यात घ्या, वर्षभराने ती व्यक्ती दुसरीकडे गेलेली असते. मुलांसाठी नावाच्या जागी कोड वापरा आणि कोडची यादी लॉगबुकमध्ये न ठेवता संस्थेच्या कुलुपात ठेवा.